शाळेतला कॉम्प्युटर कुलपात का जातो? सरकारी ई-लर्निंगचं नियोजन, सोप्या भाषेत

तिसरीपासून आर्टिफिशियल इंटेलिजन्स, म्हणजे एआय, शिकवायचं आणि त्याची सुरुवात २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून करायची, असं केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं. त्याआधी फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात दोन मोठ्या घोषणा झाल्या होत्या. ग्रामीण भागातल्या सगळ्या सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेट या सरकारी इंटरनेट जाळ्यातून ब्रॉडबँड मिळणार आणि पाच वर्षांत सरकारी शाळांत ५० हजार अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः हाताने करून पाहायच्या प्रयोगशाळा, उभ्या राहणार. अशा बातम्या वाचल्या की गावच्या शाळेचं भलं होणार असं वाटतं. पण ज्यांची मुलं झेडपीच्या शाळेत जातात ते पालक लगेच विचारतात, मागच्या खेपेला आलेल्या कॉम्प्युटरचं पुढे काय झालं?

हा प्रश्न टीका म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. त्याच्या उत्तरात अख्खी योजना दडलेली आहे. पैसा कुठून येतो, किती येतो, कशावर खर्च होतो आणि कुठे आटतो, हे एकदा कळलं की पुढची घोषणा ऐकताना नेमकं काय विचारायचं तेही कळतं.

दोन शब्द आधी

सरकारी कागदांत दोन शब्द सारखे भेटतात, अनावर्ती खर्च आणि आवर्ती खर्च. अनावर्ती म्हणजे एकदाच होणारा: कॉम्प्युटर, प्रोजेक्टर, टेबलं, वायरिंग. आवर्ती म्हणजे दरवर्षी करावा लागणारा: वीजबिल, इंटरनेट, दुरुस्ती, शिकवणाऱ्या माणसाचं मानधन.

गावच्या नळयोजनेचं उदाहरण घ्या. टाकी बांधून झाली, पाइप पुरले, उद्घाटनाला पुढारी आले, फोटो छापून आला. इथवरचा खर्च अनावर्ती. पण घरात पाणी कधी येतं? पंपाचं वीजबिल भरलं, मोटर जळल्यावर रिवाइंड करून आणली आणि रोज ठरल्या वेळी व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस नेमला, तर. महाराष्ट्रात अशी किती गावं आहेत, जिथे टाकी दिमाखात उभी आहे आणि बायाबापड्या अजून विहिरीवर जातात! टाकीला पैसा मिळाला आणि माणसाला, बिलाला मिळाला नाही, एवढंच तिथे घडलेलं असतं. शाळेतल्या कॉम्प्युटरचंही दुखणं बहुतेक वेळा हेच असतं.

योजना ठरते कशी?

शाळेत कॉम्प्युटर नेण्याची कल्पना आजची नाही. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा बीबीसी मायक्रो नावाची यंत्रं निवडक शाळांत गेली. डिसेंबर २००४ मध्ये ‘आयसीटी अ‍ॅट स्कूल्स’ ही योजना आली. आयसीटी म्हणजे माहिती व संपर्क तंत्रज्ञान. २०१२ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय धोरण तयार झालं. २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक प्रशिक्षण एकत्र करून ‘समग्र शिक्षा’ ही एकच योजना केली गेली आणि शाळेतलं माहिती तंत्रज्ञान तिच्यात सामील झालं.

आता एका शाळेपासून दिल्लीपर्यंतचा प्रवास पाहू. मुख्याध्यापक दरवर्षी ‘यू-डायस’ नावाच्या प्रणालीत शाळेची माहिती भरतात: पट किती, खोल्या किती, वीज आहे का, चालू कॉम्प्युटर किती. त्या माहितीवरून जिल्ह्याचा आराखडा होतो, जिल्ह्यांचे मिळून राज्याचा. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद करते. मग राज्याचं वार्षिक अंदाजपत्रक दिल्लीत प्रकल्प मान्यता मंडळापुढे जातं. तिथे कात्री लागून जे उरतं त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. त्यानंतर राज्यात शासन निर्णय, निविदा, पुरवठा. इतक्या पायऱ्या ओलांडून सामान शाळेच्या दारात येईपर्यंत मागणी करणाऱ्या मुख्याध्यापकांची बदली झालेली असू शकते आणि ज्या मुलांच्या पटावर मागणी झाली ती मुलं पुढच्या शाळेत गेलेली असू शकतात.

या साखळीत मला सगळ्यात जास्त खटकते ती एक गोष्ट. प्रत्येक पायरीवर वस्तू मोजल्या जातात. किती लॅब मागितल्या, किती मंजूर झाल्या, किती बसल्या. मूल आठवड्यातून किती वेळ यंत्रासमोर बसणार आणि त्या वेळात काय शिकणार, याचा रकाना मुख्य हिशोबात कुठेच नसतो.

पैशांचा हिशोब

समग्र शिक्षेच्या निकषांनुसार सहावी ते बारावीच्या शाळेला आयसीटी लॅबसाठी एकदाच मिळणारी रक्कम कमाल ६.४ लाख रुपये आहे. चालू खर्चासाठी वर्षाला कमाल २.४ लाख, तेही पाच वर्षं. स्मार्ट क्लासरूम हवी असेल तर दोन वर्गांसाठी एकदाच २.४ लाख आणि वर्षाला ३८ हजार.

लॅबचा आकडा नीट बघा. पाच वर्षांचा चालू खर्च १२ लाख होतो. म्हणजे १८.४ लाखांपैकी जवळपास दोन तृतीयांश रक्कम यंत्रांच्या खरेदीत जात नाही, ती यंत्रं चालवण्यात जाते. सरकारच्या स्वतःच्या निकषांनीच हे मान्य केलेलं आहे. तरी बातमी नेहमी ६.४ लाखांची होते. बाकीच्या १२ लाखांचा हप्ता वेळेवर आला का, हे कुणी विचारत नाही. आणि सहाव्या वर्षी? तेव्हा बिल तेवढंच असतं, यंत्रं जुनी झालेली असतात आणि अनुदान संपलेलं असतं.

आता मुलाच्या बाजूने हिशोब करू. समजा लॅबमध्ये दहा कॉम्प्युटर आहेत आणि वर्गात ५० मुलं. एका यंत्रावर पाच जणं. तासिका ३५ मिनिटांची. सगळं सुरळीत चाललं, वीज गेली नाही, यंत्रं पटकन सुरू झाली, तरी एका मुलाच्या हाताला माउस लागतो सात मिनिटं. आठवड्यातून दोन तासिका असल्या तर चौदा मिनिटं. त्यातही पाचातला धीट मुलगा माउस सोडत नाही आणि मागची मुलगी नुसती बघत राहते, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा.

कुलूप का लागतं?

पहिलं कारण वीज. कॉम्प्युटर, प्रोजेक्टर, पंखे आले की बिल वाढतं. राज्यात शाळांसाठी ‘सार्वजनिक सेवा’ असा वेगळा वीजदर गट आहे, पण शाळेला वीज आणखी स्वस्त मिळावी ही शिक्षकांची जुनी मागणी. शाळेला मिळणारं वार्षिक अनुदान तुटपुंजं, त्यात खडूपासून झाडूपर्यंत सगळं बसवायचं. बिल थकतं, जोडणी तुटते. मग कधी ग्रामपंचायत भरते, कधी लोकवर्गणी निघते, कधी गुरुजी स्वतःच्या खिशातून भरतात.

दुसरं कारण बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं. शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे सामानाच्या नोंदवहीत, चढते. ती हरवली, फुटली, चोरीला गेली तर जबाबदारी मुख्याध्यापकांवर येते. बाद झालेली वस्तू रजिस्टरवरून काढायची तर निर्लेखनाची वेगळी प्रक्रिया असते. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? वापरल्याबद्दल कुणी शाबासकी देत नाही, बिघडल्याबद्दल मात्र विचारणा होते. मग खोलीला कुलूप लागतं आणि यंत्रं ‘सुरक्षित’ राहतात. हा दोष मुख्याध्यापकांच्या वृत्तीचा नाही. नियमच कुलूप लावायला सांगतो आहे.

तिसरं कारण माणूस. आपल्याकडे कित्येक झेडपी शाळा दोनशिक्षकी आहेत. एक शिक्षक दोन-दोन, तीन-तीन वर्ग एकत्र सांभाळतात. त्यातल्या एकाने पाच मुलांना लॅबमध्ये नेलं तर उरलेल्यांकडे कोण बघणार?

‘मग कंपनीकडेच द्यावं की!’

हा प्रयोग करून झाला आहे. महाराष्ट्रात आयसीटी योजना तीन टप्प्यांत सुमारे आठ हजार शाळांत राबवली गेली, ती बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा या धर्तीवर. कंपनीने लॅब उभारायची, पाच वर्षं चालवायची, शिकवणारा माणूसही तिनेच द्यायचा आणि मुदत संपली की सगळं शाळेच्या हवाली करायचं.

कागदावर ही रचना वाईट नव्हती. निदान पाच वर्षं देखभालीची जबाबदारी कुणावर तरी होती, लॅबमध्ये शिकवायला तरुण मुलं-मुली होती. खोट शेवटच्या शब्दात होती. हस्तांतरणाच्या दिवशी शाळेच्या हातात पाच वर्षं जुनी यंत्रं आली आणि शिकवणारा माणूस करार संपला म्हणून घरी गेला. कमी मानधनावर वर्षानुवर्षं काम केलेल्या या आयसीटी शिक्षकांनी पुढे कायम करण्यासाठी आंदोलनं केली. त्यांनी शाळेत मिळवलेला अनुभव, कोणत्या मुलाला काय अडतं याची जाण, हे सगळं त्यांच्यासोबत शाळेबाहेर गेलं. हस्तांतरित झालं ते फक्त फर्निचर.

‘पण आकडे तर सुधारताहेत’

सुधारत आहेत, आणि ते नाकारण्याचं कारण नाही. यू-डायसच्या अहवालानुसार २०२३-२४ मध्ये देशातल्या ५७.२ टक्के शाळांत कॉम्प्युटर होते, २०२४-२५ मध्ये हे प्रमाण ६४.७ टक्क्यांवर गेलं. इंटरनेट ५३.९ वरून ६३.५ टक्क्यांवर. एका वर्षात एवढी वाढ ही कमी गोष्ट नाही.

फक्त या आकड्याने काय मोजलं ते लक्षात ठेवावं. पटावर चारशे मुलं आणि कार्यालयात एक कॉम्प्युटर, ज्यावर पोषण आहाराची माहिती भरली जाते, अशी शाळाही ‘कॉम्प्युटर असलेली शाळा’ असते. ‘आहे’ आणि ‘मुलांच्या वापरात आहे’ यांतलं अंतर टक्केवारीत दिसत नाही.

यंत्र दिलं की मूल शिकतं का?

माझ्या मते सगळ्या चर्चेचा गाभा इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही कल्पना फार मोठ्या प्रमाणावर अमलात आणली. २०१२ मध्ये तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लॅपटॉप न मिळालेल्या शाळांत सुमारे आठ मुलांमागे एक कॉम्प्युटर होता, मिळालेल्या शाळांत मुलांपेक्षा कॉम्प्युटर जास्त. तरीही गणितात आणि भाषेत दोन्हींमध्ये फरक पडलेला दिसला नाही. २०१५ मध्ये ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेनेही शाळांतल्या तंत्रज्ञानावर भरपूर पैसा ओतलेल्या देशांत वाचन, गणित, विज्ञानात लक्षणीय सुधारणा आढळली नाही असं नोंदवलं.

एवढं वाचून ‘म्हणजे कॉम्प्युटर नकोतच’ असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. आता आपल्या शेजारच्या बडोद्याला जाऊ.

२००० साली गुजरात सरकारने बडोद्यातल्या शंभर महापालिका शाळांना प्रत्येकी चार कॉम्प्युटर दिले. दोन वर्षांनी पाहणी केली तेव्हा त्यांतले फारच थोडे वापरात होते. कथा ओळखीची आहे. पण इथे ती संपली नाही. मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने त्याच यंत्रांवर गणिताचे खेळ बसवले आणि चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास दिले, एका यंत्रावर दोन मुलं. त्यातला एक तास शाळेच्या वेळेत आणि एक तास शाळेच्या आधी किंवा नंतर. मुलांची गणितातली प्रगती ठळकपणे वाढली. हा अभ्यास करणाऱ्या गटात अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं. त्यांनी पुढची गोष्टही लपवली नाही. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्या फायद्यातला बराचसा भाग ओसरला होता.

गुजरातमधलाच आणखी एक प्रयोग मला याहून महत्त्वाचा वाटतो. ज्ञानशाला या संस्थेच्या शाळांत एकच सॉफ्टवेअर दोन प्रकारे वापरून पाहिलं. काही ठिकाणी शिक्षिकेच्या तासाऐवजी मुलं कॉम्प्युटरवर बसली. काही ठिकाणी शाळा सुटल्यावर, नेहमीच्या शिकवण्याला जोड म्हणून. जिथे जोड होती तिथे मुलं पुढे गेली. जिथे शिक्षिकेच्या जागी कॉम्प्युटर आला तिथे मुलं मागे पडली. सॉफ्टवेअर तेच, यंत्रं तशीच, निकाल उलटे. चांगली शिकवणारी बाई वर्गात असताना तिचा तास काढून घेतला तर नुकसान होतं.

दिल्लीतला आणखी एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे शाळेनंतरच्या केंद्रात मुलं रोज दीड तास येत. अर्धा वेळ अशा सॉफ्टवेअरवर, जे मुलाला आधी जोखतं आणि त्याला जिथपर्यंत येतं तिथून पुढचं देतं. उरलेला अर्धा वेळ छोट्या गटात माणसाकडून शिकणं. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे आहेत असं तिथे आढळलं. वर्गात सहावीचं पुस्तक चालू, आणि मूल तिसरी-चौथीवर अडलेलं. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत चांगली वाढ दिसली.

या सगळ्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. ५० मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला प्रत्येक मुलाच्या पातळीवर जाणं अवघड असतं, तिथे यंत्र खरोखर हात देऊ शकतं. फळ्यावरचंच पडद्यावर दाखवायला वापरलं, तर मुलाला जिथे अडलं होतं तिथेच ते राहतं.

‘आता घरोघरी मोबाइल आहे, शाळेत वेगळं कशाला?’

मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातली १४ ते १६ वयाची ८२.२ टक्के मुलं स्मार्टफोन वापरता येतो असं सांगतात. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामाला वापरला होता, ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. त्यांच्यात स्वतःचा फोन असलेल्या मुलग्यांचं प्रमाण ३६.२ टक्के, मुलींचं २६.९ टक्के. फोन हाताळता येणं आणि फोनवरून शिकता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी शिकवणारं कुणीतरी लागतं.

कोरोनाकाळात आपण हे पाहिलंच. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत शासनाने सह्याद्री वाहिनीवर पाठ दाखवले, शिक्षकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास पाठवला. केंद्राने मे २०२० मध्ये पीएम ई-विद्या जाहीर करून प्रत्येक इयत्तेला एक अशा बारा टीव्ही वाहिन्या ठरवल्या, २०२२ मध्ये त्या दोनशेपर्यंत वाढवण्याची घोषणा झाली. पण घरात एकच फोन, तो वडिलांसोबत शेतात किंवा कामावर गेलेला, संध्याकाळी परत येतो तेव्हा डेटा संपलेला, हे लाखो घरांतलं चित्र होतं. आणि घरात भाऊ-बहीण दोघं शिकत असतील तर फोन आधी कुणाच्या हातात जातो, हे वेगळं सांगायला नको.

पुस्तकातला चौकोनी ठिपक्यांचा शिक्का

बालभारतीच्या पुस्तकात धड्याजवळ क्यूआर कोड असतो. तो मोबाइलने स्कॅन केला की ‘दीक्षा’वरचा त्या धड्याचा व्हिडिओ किंवा सराव उघडतो. दीक्षा हा केंद्राचा मंच ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी, सुरू झाला. पण क्यूआर कोड पाठ्यपुस्तकात आणण्याची वाट आपल्याच एका झेडपी शिक्षकाने दाखवली. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटली.

या कल्पनेचं मोठेपण तिच्या साधेपणात आहे. नवी खोली लागत नाही, निविदा लागत नाही, पुस्तक तेच राहतं. मर्यादाही आहे. कोडमागे जे ठेवलं असेल तेवढंच मुलाला मिळतं. नंदुरबारच्या पावरी किंवा भिली बोलणाऱ्या, मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या पहिलीच्या मुलाला पुण्याच्या मराठीतला व्हिडिओ कितपत कळणार? मुलांच्या घरच्या बोलीतल्या, त्यांच्या परिसरातल्या साहित्याला नियोजनात स्वतंत्र पैसा हवा. ते तयार करायला स्थानिक शिक्षकांहून योग्य माणसं नाहीत.

केरळने काय वेगळं केलं?

केरळचा ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प २००१ पासून चालू आहे, २०१७ मध्ये त्याचं रूपांतर ‘काइट’ या सरकारी कंपनीत झालं. सरकारं बदलली, पण काम मोडलं नाही. त्यांनी तीन गोष्टी धरून ठेवल्या. पहिली, प्रशिक्षक बाहेरून न आणता शाळांतल्या शिक्षकांमधूनच घडवले, आणि प्रत्येक हायस्कूलमध्ये एका शिक्षकाकडे आयटी समन्वयाचं काम दिलं. दुसरी, लिनक्ससारखी मुक्त सॉफ्टवेअर वापरली, त्यामुळे परवान्यांचे पैसे वाचले आणि मल्याळममध्ये हवे ते बदल करता आले. तिसरी, पुरवठादाराशी करार करतानाच दुरुस्तीची मुदत ठरवली, तक्रारीसाठी कॉल सेंटर आणि वेब पोर्टल ठेवलं, मुदत चुकली तर कंपनीला दंड. त्यानंतर त्यांनी ४५ हजार वर्गखोल्या हायटेक केल्या. आधी माणसं उभी केली, मग यंत्रं वाढवली.

केरळ लहान आहे, तिथे शाळा मोठ्या आहेत, आपल्याकडे वस्तीवस्तीवर कमी पटाच्या शाळा आहेत, हे खरं. तरीही दुरुस्तीची मुदत करारात घालायला राज्याचा आकार आड येत नाही. गोव्यासारखं आणखी छोटं राज्य सहावी ते आठवीसाठी कोडिंग आणि रोबोटिक्सची ‘केअर्स’ योजना चालवतं आहे.

तंत्रज्ञान मुलांसाठी की माहिती भरण्यासाठी?

आज झेडपीच्या शिक्षकाला विचारा, शाळेत तंत्रज्ञान कशासाठी वापरता? ‘माहिती भरायला’ हे उत्तर आधी येईल. विद्यार्थ्यांची माहिती भरायची २०१५ ची सरल प्रणाली, यू-डायस, पोषण आहाराची रोजची नोंद, हजेरीचा चॅटबॉट, प्रशिक्षणाच्या लिंक, ‘तातडीने भरा’ असे व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश. यातलं बरंच काम शिक्षक स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर करतात. वर माहिती पोहोचणं गरजेचं आहे, पण त्यासाठी जाणारा वेळ मुलांच्या तासातून कापला जातो. नवी प्रणाली आणताना जुनी कोणती बंद होणार, हे आदेशातच लिहिलेलं असावं, असं मला ठामपणे वाटतं.

मुलांच्या माहितीचाही प्रश्न आहेच. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांची संमती घेण्याची तरतूद केली. शाळांना काही कामांसाठी नियमांत सूट आहे, पण ती अभ्यास आणि सुरक्षिततेपुरती. जानेवारी २०२३ मध्ये दीक्षा मंचावरच्या लाखो शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची माहिती क्लाउडवर उघडी राहिल्याची बातमी आली होती. शाळेने एखादं अ‍ॅप टाकायला सांगितलं तर ते कुणाचं आहे आणि मुलाची कोणती माहिती घेतं, हे विचारण्याचा पालकांना हक्क आहे.

मग तिसरीतलं एआय?

तिसरीच्या मुलाने चॅटबॉटशी बोलायचं, असा याचा अर्थ होत नाही. एआयसोबत संगणकीय विचार शिकवायचा आहे: मोठ्या कामाचे छोटे तुकडे करणं, पायऱ्या क्रमाने लावणं, सूचना नेमक्या देणं, चूक कुठे झाली ते शोधणं. हे कागद, खडे, काड्या, पत्ते आणि मैदानावरच्या खेळांतून उत्तम शिकवता येतं, वीज नसली तरी. त्यासाठी शिक्षकांचं चांगलं प्रशिक्षण लागेल, आणि प्रशिक्षण म्हणजे लिंक उघडून व्हिडिओ पुढे ढकलणं नव्हे. लॅब नसलेल्या शाळेला ‘तुमच्याकडे सोय नाही’ म्हणून बाजूला ठेवलं, तर तो निर्णय चुकीचा ठरेल.

पालक म्हणून कुठून सुरुवात करावी?

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणं हे समितीचं काम आहे. त्या आराखड्यात ‘दहा कॉम्प्युटर मिळावेत’ एवढंच लिहून थांबू नका. प्रत्येक इयत्तेला आठवड्याला किती तासिका, एका यंत्रावर किती मुलं, बिल कोणत्या खात्यातून, बिघडलं तर कुणाला फोन आणि किती दिवसांत दुरुस्ती, मुलींना आधी हात लावायला मिळेल याची काय सोय, हेही लिहा. मुलांच्या हातून यंत्र बिघडलं तर शिक्षकांवर बोट ठेवणार नाही, असा ठराव समितीने केला तर खोलीचं कुलूप निघायला मोठी मदत होते.

आणि एक काम आजही करता येईल. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो, महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. ‘नो युवर स्कूल’ या सरकारी संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की शाळेबद्दल वर कळवलेली माहिती दिसते, त्यात इंटरनेट आणि कॉम्प्युटरचीही नोंद असते. तो कागद काढून समितीच्या पुढच्या बैठकीला न्या आणि मुख्याध्यापकांसोबत लॅबच्या खोलीत जाऊन एकेक यंत्र सुरू करून पाहा. नोंदीत आणि खोलीत फरक निघाला, तर तो गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा. पुढच्या वर्षीचा जिल्ह्याचा आराखडा याच नोंदींवरून तयार होणार आहे.